यात भर घालू नये

बाबलकाका गेल्याचं मला माणसाने सांगितलं नाही, बॅनरने सांगितलं. सकाळी दुधाला खाली उतरले तर लालबागच्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी, दोन बांबूंच्या मध्ये, दहा फुटी काका उभे. फोटो मुलीच्या लग्नातला, अंगात कुणाचा तरी कोट, चापून बसवलेले केस. ‘कै. रामचंद्र ऊर्फ बाबल मेस्त्री यांना भावपूर्ण श्रद्धांजली.’ आणि खाली शोकाकुल कोण? तर आमच्या तीन इमारतींच्या चाळीचा पुनर्विकास करायला निघालेला बिल्डर. त्याचं नाव काकांच्या नावाहून मोठं. माणूस गेला तरी यांना त्यात जाहिरातीची जागाच दिसते... दूध न घेता मी तिथेच उभी राहिले. रडू आलं नाही. राग आला, आणि तो सगळा काही बॅनरवाल्यांवरचा नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं.

या गोष्टीला सहा आठवडे झाले. मधल्या काळात शोकसभा झाली. तिथे बिल्डरच्या ऑफिसातल्या एका गृहस्थाने ‘मेस्त्रीसाहेब विकासाचे खंदे पुरस्कर्ते होते’ असं सांगितलं. ज्याला उभ्या हयातीत कुणी साहेब म्हटलं नाही, तो मेल्यावर साहेब झाला. आमच्या भाडेकरूंच्या समितीतलेही दोघे बोलले, ‘मतभेद होते पण मनभेद नव्हते’ छापाचं. मी मागच्या खुर्चीत बसून होते आणि बोलले नाही. बोलणार काय? दोनेक महिन्यांपूर्वीच याच माणसाबद्दल मी एक पत्रक लिहिलं होतं आणि ते समोर बसलेल्या प्रत्येकाच्या घरात गेलं होतं.

आधी माणूस सांगते. काका गाड्यांमध्ये स्पीकर आणि डेक बसवायचे. परळच्या गॅरेज गल्लीत, टायरवाल्याच्या शेजारी, दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेर थांबायचं एवढं दुकान. भिंतीवर पक्कड, वायरची भेंडोळी आणि एक जुना मीटर. स्पीकर नवा असो की जुना, त्याच्या दोन टोकांना मीटर लावल्याशिवाय काका तो गाडीला लावत नसत. आकडा बघायचे आणि कागदी चिकटपट्टीवर पेनने लिहून स्पीकरच्या पाठीला चिकटवायचे. चार, आठ, काय असेल ते. हा आकडा म्हणजे स्पीकर ॲम्पला, आवाज मोठा करणाऱ्या पेटीला, किती अडवतो त्याचं माप, ओहम. ॲम्प चारसाठी बनलेला असेल तर त्याला चारच द्यायचे. जास्त स्पीकर जोडून आकडा दोनवर आणला तर आवाज आधी वाढतो, गिऱ्हाईक खूश होतं आणि मग ॲम्प तापून बसतो. एकदा गिरगावातून एक मुलगा नवीकोरी गाडी घेऊन आला होता. त्याला आहे त्याच ॲम्पवर आणखी चार स्पीकर हवे होते. काकांनी नाही म्हटलं. तो म्हणाला, “पैसे देतोय ना काका, तुमचं काय जातंय?” काका म्हणाले, “माझा काय जाता? माझी झोप जाता. समोरच्याकडे जा, तो जोडून देईल. जळालं की ये, मी आहेच.” तो गेला. आठवड्याने परत आला. काकांनी त्याला चहा पाजला आणि त्याची इतकी थट्टा केली, की टायरवालाही हातातलं काम टाकून ऐकत बसला.

दुसरी सवय त्याहून विचित्र. डेकमध्ये आवाज पुढे किती आणि मागे किती द्यायचा याची सोय असते. सगळे फिटर चालकाच्या सीटवर बसून ते ठरवतात, कारण पैसे देणारा तिथे बसतो. काका मागे बसायचे, डाव्या बाजूला, डोळे मिटून. आधी विचारायचे, “हय कोण बसता?” कुणी म्हणे आई, कुणी म्हणे सासरे, एक जण म्हणाला कुणीच नाही, कुत्रा बसतो. काकांनी कुत्र्यासाठी मागचा आवाज निम्मा केला. “त्याचे कान तुझ्याहून बरे आहेत,” म्हणाले. आणि पारखायला गाणं लावायचं नाही. “गाण्यात सगळा लपता. माणसाचा बोलणा लाव.” त्यांच्या पेनड्राइव्हवर एकच गोष्ट होती. शालनकाकी, त्यांची बायको, हयात असताना एकदा गावाला जाणार होती. तिच्यामागे उपाशी राहू नये म्हणून काकांनी मोबाइलवर तिच्याकडून तिसऱ्यांच्या, म्हणजे शिंपल्यांच्या, कालवणाची कृती बोलून घेतली होती. परळच्या गॅरेज गल्लीत लाखालाखाच्या गाड्यांमधून, चारी बाजूंनी, काकी सांगत असायची: “तिसऱ्ये धुवन घेवा... एक शिंपी काढून टाकायची, एक ठेवायची... पाणी घालू नकात, तेंचा पाणी तेंकाच सुटता... मधीच बोलू नकात, माका इसराक होता.” त्या ‘सुटता’मधला ‘स’ मागच्या सीटवर स्वच्छ ऐकू आला की गाडी झाली. नाही आला की पुन्हा दरवाजे उघडा.

आता मी. आमच्या घरात देव्हारा नव्हता, पत्रकांनी भरलेली एक ट्रंक होती. आजी निरक्षर होती, पण सभेतून आलेलं प्रत्येक पत्रक ती घडी करून ठेवायची आणि आम्हा नातवंडांकडून मोठ्याने वाचून घ्यायची. मी अक्षरं शिकले ती ‘जाहीर निषेध’ आणि ‘बहुसंख्येने उपस्थित राहा’ यांतून. त्यामुळे माणूस वाईट असेल तर तो कागदावर छापून दारोदार टाकायचा, हे मला लहानपणापासून येतं. बिल्डरची नोटीस आली तेव्हा भाडेकरूंच्या समितीत मी सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या आवाजाची होते. त्याच्या करारात जागा किती मिळणार, ती कधी मिळणार, तोवर माणसांनी राहायचं कुठे, यातलं काहीही धड लिहिलेलं नव्हतं. आजही नाही.

आणि काका त्या करारावर सही करणारे पहिले. हे त्यांनी लपवलं नाही. गुडघे गेले होते, तिसऱ्या मजल्यावर राहत होते, शेवटच्या आजारपणात काकीला खुर्चीत बसवून चौघांनी खाली आणलं होतं. “माका लिफ्ट होयी,” एवढंच त्यांचं राजकारण. मी त्यांच्याशी जिन्यात भांडले, नळावर भांडले. सही चुकीची होती. शेजाऱ्यांच्या जिवावर आपली लिफ्ट मागणं मला तेव्हा मान्य नव्हतं आणि माणूस गेला म्हणून ते आज मान्य होणार नाही. मृत्यूने करारातलं एकही कलम सुधारत नाही.

तरी समितीची व्हॅन घेऊन मी त्यांच्याकडेच गेले, कारण गल्लीत तेवढा चांगला फिटर दुसरा नव्हता. शाळेची मुलं नेणारी जुनी व्हॅन, मागचं दार वर उघडणारी. तिच्यात माईक लावून इमारतींखाली फिरायचं होतं, चाळीला जागं करायचं होतं. मी म्हटलं, “काका, तुमच्याच विरोधात बोलणार आहे यातून.” ते म्हणाले, “बोल गो लीडर. पण फाटक्या आवाजात बोलू नको, लोक ऐकूचे नाय.” त्यांनी दोन दिवस काम केलं. मागे दोन खोकी बसवली, दाराकडे तोंड करून. एका खोक्यात दोन स्पीकर एकामागोमाग जोडलेले, म्हणजे चार आणि चार आठ. अशी दोन खोकी शेजारी शेजारी जोडली की आकडा निम्मा होतो, म्हणजे पुन्हा चार. ॲम्पला हवे तेवढेच. ॲम्पवर त्यांनी पट्टी चिकटवली: ‘४. यात भर घालू नये.’ पुढच्या दारांतले लहान स्पीकर डेकवरच ठेवले आणि त्यांचा आवाज जवळजवळ बंद केला. मी पुढे बसून माईकवर बोलले तर मला काही ऐकूच येईना.

“आवाज कुठाय?”

“मागे.”

“मला नको का कळायला?”

“पुढे वाढवलंस तर माईक किंचाळतलो. आणि तुका कशाक होयो तुझो आवाज? तुका म्हायत आसा ना काय बोलतंय ता? एक माणूस गाडीच्या मागून चालत ठेव. तो सांगेल ऐकू येतंय की नाही.”

मी हो म्हटलं. पण मनात म्हटलं, हा माणूस बिल्डरचा. हा आवाज कमीच करणार.

म्हणून आठवड्याभरात मी दोन गोष्टी केल्या. मित्राच्या गाडीतून काढलेले दोन स्पीकर होते, ते त्याच ॲम्पला नेऊन जोडले. वायरी पिळल्या, काळी टेप गुंडाळली. पट्टी मध्ये येत होती, तिच्यावरूनच वायर नेली. मोर्च्यात माणसं वाढली की आवाज वाढतो, स्पीकरचंही तसंच असणार, एवढंच माझं विज्ञान. काकांनी एकदा सांगितलंही होतं, की एका मोटारीवर सगळ्या खोल्यांनी एकदम नळ सोडले तर मोटार तापते, तसंच हे. मी ऐकलं नव्हतं, कारण सांगणारा सही केलेला होता. दुसरी गोष्ट, पुढचा आवाज मी वाढवला. माईक किंचाळला, मग थोडा कमी केला. आता मला मी छान ऐकू येत होते. हळू आवाजात सगळं चालतंय हे बघितलं आणि समाधानाने घरी गेले.

मग तो रविवार. संमतीची सभा संध्याकाळी पाचला ठरली होती. सकाळी नऊ वाजता फाटकावर कागद लागला: सभा अकरा वाजता. पाचचे अकरा! कोण उठतंय, कोण देवळात गेलंय, कोण मच्छी आणायला, हे बघूनच केलेला डाव. मुलांना पत्रकं देऊन पहिल्या दोन इमारतींत पिटाळलं आणि मी व्हॅनमध्ये बसले. गाडीमागून चालायला माणूस ठेवला नाही, माणसं होतीच कुठे? आवाज पुरा सोडला. पहिल्या इमारतीतून लोक उतरले, दुसरीतून उतरले. तिसऱ्या इमारतीखाली, जिथे म्हातारी माणसं जास्त आणि आमच्या बाजूची पक्की मतंही जास्त, मी वीस मिनिटं बोलले. घसा फुटेस्तोवर. ‘अकरा वाजता खाली या, हात वर केल्याशिवाय घर वाचणार नाही.’ गॅलरीत दोन-तीन जणी होत्या. त्या माझ्याकडे बघून हसल्या, मीही हात केला. कुणी उतरलं नाही. मला वाटलं, येतील.

सभेत ठराव मंजूर झाला. बाहेर आले तर तिसऱ्या इमारतीतल्या सावंतआजी जिन्यात उभ्या. “काय गं, मीटिंग पाचलाच ना? आणि सकाळी गाडीत बसून एकटीच हातवारे काय करत होतीस?”

मागचा आवाज बंद झाला होता. दुसरी इमारत संपतानाच कधीतरी. पुढचे लहान स्पीकर चालू होते आणि मी वीस मिनिटं फक्त स्वतःला हाक मारत होते.

हे आज लिहिते आहे म्हणून इतकं सरळ लिहिता येतं. तेव्हा मला सरळ दिसलं ते हे: पुढे चालू आणि मागे बंद, हे कुणी मुद्दाम केल्याशिवाय होतं का? बसवलं कोणी? सही कोणाची? घरी येऊन एका बैठकीत पत्रक लिहिलं. पिवळा कागद, मथळा ‘आवाज कोणी कापला?’ आत नाव नव्हतं, नावाची गरजच नव्हती. ‘ज्या कारागिराच्या हाती आपण विश्वासाने आपला आवाज दिला, त्यानेच लिफ्टच्या लोभाने तो कापला.’ वाक्य चांगलं होतं. आजीला आवडलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते प्रत्येक दाराखालून आत गेलं.

त्याच सकाळी काका अंगणातून माझ्याकडे येताना दिसले. गुडघा ओढत, एका हातात मीटर. मी व्हॅनपाशी उभी होते. दहा-बारा जण आजूबाजूला होते आणि मला ते हवेच होते. मी ओरडले, “या, या! आवाज पुरता मेला की नाही ते बघायला आलात?” कुणीतरी हसलं. काका थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग व्हॅनच्या उघड्या दाराकडे, मग पुन्हा माझ्याकडे. तोंड उघडलं... आणि मिटलं. वळले आणि तसेच गुडघा ओढत तिसऱ्या इमारतीकडे गेले. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते हे, पाठमोरे. पुढे पावसाळ्यात ताप अंगावर काढला, छातीत भरला, मोठ्या हॉस्पिटलात चार दिवस. मी गेले नाही.

शोकसभेनंतर व्हॅन विकायचं ठरलं. बंद आवाजाच्या गाडीचा समितीला काय उपयोग? विकण्याआधी दुरुस्त करून घ्यावी म्हणून मी ती परळला नेली. दुकान आता काकांची मुलगी वंदना चालवते. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, बापासारखीच तोडून बोलणारी. तिने मला बसायला सांगितलं नाही. मागचं दार उघडलं, आत डोकावली आणि म्हणाली, “ये. ये इकडे, लीडर. हे कोणी केलंय?”

काळी टेप. माझी गाठ.

“मी. पण ते नुसते जास्तीचे दोन...”

“पट्टी वाचता येते ना? पत्रकं तर धडाधड लिहितेस.” तिने पक्कड घेतली आणि माझ्या दोन्ही वायरी कापल्या. ॲम्प बंद करून चालू केला. लाल दिवा होता, तो हिरवा झाला. अर्धं मिनिट लागलं नसेल. ॲम्प जळलाच नव्हता. भार झेपेना म्हणून त्याने स्वतःला बंद करून घेतलं होतं, तशी त्याच्यात सोयच असते. दोन महिन्यांहून जास्त काळ ती गाडी माझ्या डोळ्यांसमोर धड उभी होती आणि मी तिला मुडदा समजून तिच्या खुनाबद्दल माणसाला फाशी देऊन मोकळी झाले होते.

“बाबांना माहीत होतं?” मी विचारलं.

“त्याच संध्याकाळी बघून आले होते. घरी येऊन म्हणाले, लीडरने दोन घातलेत, अक्कल नाही, उद्या जाऊन काढून देतो. मग सकाळी दाराखालून तुझा कागद आला.” तिने पक्कड भिंतीवर अडकवली. “वाचला, चष्मा काढला, तरी निघाले. मीच म्हटलं होतं जाऊ नका. ते म्हणाले, पोरगीक म्हायत नाय, सांगूक होया.”

मग का नाही सांगितलं? हा माझा काकांवरचा राग आहे आणि तो मी इथे गिळणार नाही. दहा माणसांसमोर ‘तुझ्या वायरी बघ’ एवढे तीन शब्द बोलले असते, तर मी तिथेच तोंडावर पडले असते आणि जिवंत माणसाची माफी मागितली असती. गिऱ्हाइकांना तासभर झापणारा माणूस माझ्यापुढे गप्प बसला. त्याला कुणी मोठेपणा म्हणेल, शोकसभेत म्हणालेच. मी म्हणणार नाही. मला तो हट्ट वाटतो. पण त्यांचा हट्ट त्यांच्याबरोबर गेला आणि खोटं पत्रक माझं आहे. सही करणारा माणूस विरोधक होता, गद्दार नव्हता. हा फरक मला एका पट्टीवर लिहून दिलेला होता आणि मी त्याच्यावरून वायर नेली.

हे लिहून भागणार नाही, हेही मला माहीत आहे. ज्या पेपरच्या पुरवणीसाठी हे लिहिते आहे, ती आमच्या चाळीत मोजून चार घरांत येते. पत्रक सगळ्या घरांत गेलं होतं. म्हणून परवाच्या रविवारी, बरोबर अकरा वाजता, व्हॅन पुन्हा बाहेर काढली. वंदना येणार नाही म्हणाली होती, आली. तिने डेकमधला आवाज पूर्ण मागे नेला, पुढे काही म्हणजे काही ठेवलं नाही, आणि गाडीमागे जाऊन उभी राहिली. आधी पेनड्राइव्ह लावला. मला पुढे काही ऐकू आलं नाही. फक्त आरशात दिसलं, की तिसऱ्या इमारतीच्या गॅलरीत एक दार उघडलं, मग दुसरं. सावंतआजी कठड्यावर वाकल्या, शेजारणीला काहीतरी म्हणाल्या आणि दोघींनी तोंडाला पदर लावला. काकी तिसऱ्या धूत असणार. वंदना मान खाली घालून ऐकत होती. मग तिने हात वर केला, म्हणजे ‘स’ आला.

मी माईक घेतला आणि म्हटलं, की बाबल मेस्त्रींनी आपला आवाज कापला असं मी लिहिलं होतं ते खोटं आहे, तो मी स्वतः बंद पाडला, करार अजूनही वाईट आहे पण तो मुद्दा वेगळा. हे तिन्ही इमारतींखाली तीन-तीनदा. माझं बोलणं मला मुळीच ऐकू येत नव्हतं. रिकाम्या गाडीत ओठ हलवत बसल्यासारखं... फार वाईट लागतं ते. मला काकांचा डाव वाटला होता तो हाच, आणि पुढच्या बटणाकडे हात दोनदा गेला. दोन्ही वेळा आवरला.

शेवटी पुन्हा तिसऱ्या इमारतीखाली आले तेव्हा सावंतआजी वरून ओरडल्या. वंदनाने मागून येऊन खिडकीशी सांगितलं तेव्हा कळलं काय ते.

“म्हणतायत, ऐकलं सगळं. आता गाडी बाजूला घे, पाण्याचा टँकर यायचाय.”

गाडी बाजूला घेतली. व्हॅन विकायची नाही असं समितीत ठरलं आहे. ॲम्पवरची पट्टी एका कडेने सुटत आली आहे, अक्षर पुसट झालंय. नवी लिहून लावू या, असं कुणीतरी म्हणालं. मी त्याला हात लावू दिला नाही.